सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही

पुण्यात पावसाळ्यात ही तक्रार हमखास ऐकू येते: सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी काही सुरू होत नाही.

मुरलेला मेकॅनिक लगेच पान्याला हात घालत नाही. पेट्रोलची गाडी असेल, तर तो चावी ऑन करून मागच्या सीटपाशी कान देतो. टाकीतल्या पंपाची क्षणभराची घूं आली नाही, तर आधी फ्यूज आणि रिले. आली, तर स्पार्क. हा कान फार मोलाचा!

बुडालेल्या गाडीला मात्र सेल्फ मारूच नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं दगावली, गाड्या वाहून गेल्या. अशा पुरात सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. तशात सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. मग सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठावी लागते.