हास्टच्या वाटेवरची एक दुपार

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा आपण नकाशात पाहिलात, तर एका बाजूला टास्मन समुद्र, दुसऱ्या बाजूला हिमाच्छादित दक्षिण आल्प्स आणि त्या दोहोंच्या मध्ये जेमतेम जागा मिळालेला एक रस्ता दिसेल. हा सहाव्या क्रमांकाचा महामार्ग. हास्ट या लहानशा वस्तीपासून फॉक्स ग्लेशियर या गावापर्यंत तो सुमारे १२० किलोमीटर जातो. १९६५ साली तो पूर्ण झाला, तोवर या मुलुखातून वाहनाने आरपार जाता येत नव्हते. आजही येथे वस्ती विरळ आहे. रिमू आणि काहिकातेआ वृक्षांची घनदाट राने, एका वेळी एकच गाडी जाईल असे अरुंद पूल, मध्येच डोकावणारा समुद्र, आणि मोबाइलला मैलोन्‌मैल संपर्क नाही. ही शांतता अनुभवायलाच लोक तेथे जातात. मात्र गाडी बंद पडली की त्याच शांततेची भीती वाटू लागते.

आम्ही ऑकलंडला लेकीकडे गेलो होतो. मार्च महिना, म्हणजे तिकडची शरदाची सुरुवात. दक्षिण बेटावर तिने भाड्याची गाडी घेतली होती. सकाळी हास्टहून निघालो. यजमानांचे वय ७४, मधुमेह २० वर्षांचा, इन्सुलिन सुरू. त्यांनी नेहमीप्रमाणे सुई घेतली, पण न्याहारी अर्धीच केली. "बाराला फॉक्सला पोहोचू, तिथे नीट जेवू," असे ठरले. आता आठवले की वाटते, हा बेत किती बेफिकिरीचा होता! वाटेत नाइट्स पॉइंटला थांबून समुद्र पाहिला, मग ब्रूस बे येथे थांबलो. माओरी परंपरेप्रमाणे माउई या पुराणपुरुषाची होडी याच किनाऱ्याला लागली होती. किनाऱ्यालगत रचलेल्या पांढऱ्या दगडांवर देशोदेशीच्या प्रवाशांनी नावे लिहून ठेवली आहेत. ती वाचण्यात वेळ कसा गेला कळले नाही.

तेथून निघून थोडे पुढे आलो आणि गाडीच्या तोंडातून वाफेचा लोट उठला. रेडिएटरची नळी फुटली होती. फोन मुका. भाड्याच्या गाडीच्या कंपनीने दिलेला मदतीचा क्रमांक हातात होता, पण लावायचा कसा? आम्ही कडेला उभे राहिलो आणि वाळूतल्या चावऱ्या माश्यांनी आम्हाला घेरले. पहिली गाडी थांबली ती दोन तरुण पर्यटकांची. त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि फॉक्सला पोहोचताच फोन करण्याचे वचन देऊन ती दोघे गेली. मग पाऊण तास कोणी नाही.

या पाऊण तासात यजमान चिडचिड करू लागले. लेकीवर ओरडले, माझ्यावर ओरडले, मग एका दगडावर बसून गप्प झाले. आमच्या संसाराला ४४ वर्षे झाली आहेत. त्यांचा राग मला पाठ आहे, म्हणूनच हा राग नसून आजार आहे हे माझ्या लक्षात आले नाही. कपाळावर घाम दिसत होता, तो मी वाफेच्या आणि धावपळीच्या खात्यावर टाकला. साखर तपासण्याचे यंत्र डिकीतल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या खाली होते. खाऊ म्हणाल, तर खाद्यपदार्थ लपवल्यास विमानतळावर ४०० डॉलर दंड होतो, एवढे ऐकून मी भीतीपोटी घरून काहीच नेले नव्हते, आणि वाटेसाठी काही विकत घ्यायचेही राहून गेले होते.

मग एक मळकी पिकअप येऊन थांबली. मागच्या हौद्यात कुत्रा, पुढे एक शेतकरी जोडपे, पायांत गमबूट. गृहस्थ गाडीकडे वळला. त्याची बायको मात्र सरळ यजमानांपाशी आली, वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला विचारले, "यांना मधुमेह आहे का?" मी मान हलवली. तिने आपल्या गाडीच्या खणातून जेलीच्या रंगीत गोळ्यांचा डबा काढला. "आईसाठी नेहमी ठेवते," ती म्हणाली, आणि गोळ्या त्यांच्या तळहातावर मोजून ठेवल्या. यजमान म्हणाले, "नको, कशाला त्रास." तिने हसून सांगितले, "माझी आईही अगदी हेच म्हणते." त्यांनी गोळ्या तोंडात टाकल्या.

त्यांचे घर गाडीने पाच मिनिटांवर होते. स्वयंपाकघरात खिडकीशी तिची ८६ वर्षांची आई विणकाम करत बसली होती. बाईंनी नवी सुई लावून यजमानांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावर आकडा आला ३.६. आमच्या काळजाचा ठोकाच चुकला. मग लेकीने समजावले की तेथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात, १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. म्हणजे ६५. गोळ्या खाऊनही साखर ७० च्या खालीच होती, तर रस्त्यावर ती किती असेल? बाईंनी अर्धा पेला संत्र्याचा रस दिला, घड्याळाकडे पाहिले, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले. ५.२, म्हणजे ९४. मग पाव, चीज, आणि "अंडे चालते का?" अशी चौकशी. माझ्यापुढे दुधाचा चहा आला तेव्हा कप धरताना माझा हात थरथरत होता.

दरम्यान गृहस्थाने घरच्या फोनवरून कंपनीशी बोलणे करून दिले. गाडी ओढून नेणारा ट्रक संध्याकाळशिवाय येणार नव्हता. कंपनीची परवानगी घेऊन त्याने आपल्या शेडमधली नळी मापाने कापली, क्लॅम्प आवळला, पाणी भरले.

त्या तासाभरातले एक दृश्य मला विसरता येत नाही. यजमान सावरल्यावर ओशाळून बसले होते. आयुष्यभर कोणाचे काही घेतले नाही, असा त्यांचा बाणा. आजींनी ते ओळखले असावे. काही न बोलता त्यांनी लोकरीची एक लड यजमानांच्या दोन्ही हातांत अडकवली आणि स्वतः गुंडा गुंडाळू लागल्या. दोघांमध्ये भाषा जुजबीच. तरी तो गुंडा पुरा होईपर्यंत यजमान हात पसरून ताठ बसले, आणि गुंडा झाला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा आपलेपणाचे तेज आले होते. घेणाऱ्यालाही काहीतरी देता आले पाहिजे, हे त्या म्हातारीला ठाऊक होते.

माओरी भाषेत आदरातिथ्याला ‘मनाकितांगा’ म्हणतात. त्यात ‘मना’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ प्रतिष्ठा, मान. समोरच्याचा मान राखून त्याची काळजी घेणे, हे त्या शब्दाचे मर्म. नंतर लेकीने तो अर्थ सांगितला तेव्हा मला लोकरीची ती लड आठवली.

निघताना यजमानांनी पाकीट काढले. गृहस्थाने आपले दोन्ही हात खिशात घातले. एवढेच नव्हे, तर फॉक्सपर्यंतचे ४० हून अधिक किलोमीटर तो आमच्या मागे मागे गाडी चालवत आला. आम्ही गावात शिरलो तेव्हा त्याने हॉर्न वाजवला आणि वळून गेला. फॉक्सच्या मुक्कामी समजले की त्या दोन तरुण पर्यटकांनीही आपला शब्द पाळला होता, त्यांचा फोन कंपनीकडे पोहोचला होता.

परक्यांचा चांगुलपणा हा नशिबाचा भाग, तयारी मात्र आपल्या हाती. आपण किंवा आपल्या घरचे ज्येष्ठ प्रवासाला निघणार असाल, तर एवढे अवश्य करा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवणाची वेळ पुढच्या गावावर सोपवू नये. साखर तपासण्याचे यंत्र, औषधे आणि ग्लुकोज हातातल्या पिशवीत ठेवावे, डिकीत नव्हे. साखर ७० च्या खाली गेली, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, किंवा अर्धा पेला फळांचा रस द्यावा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावे, मग पोटभरीचे काही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, वैद्यकीय मदतच बोलवावी. न्यूझीलंडमध्ये त्यासाठी १११ आणि आपल्याकडे ११२ हा क्रमांक आहे. परदेशी नेलेला खाऊ विमानतळावर न लपवता जाहीर करावा. बंद पाकिटातली बिस्किटे आणि ग्लुकोज बहुधा नेऊ देतात.

शुश्रूषा करणाऱ्यांना विशेष सांगणे असे की ज्येष्ठांमध्ये साखर उतरल्याची खूण नेहमी थरथरीने दिसतेच असे नाही. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे धडधड आणि थरथर झाकली जाते. अकारण चिडचिड, गोंधळ, मौन, घाम, यांना स्वभाव किंवा थकवा समजण्याआधी एकदा बोटाला सुई लावावी. मी ती लावली नाही. एका अनोळखी बाईने लावली.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्याला एक विनंती. मदतीचा हात पुढे आला की "कशाला त्रास" हे शब्द आपल्या ओठांवर आधी येतात. त्यात सौजन्य असते, पण थोडा अहंकारही असतो. त्या दुपारी यजमान आणखी थोडा वेळ अडून बसले असते, तर हा लेख मी वेगळ्या मनाने लिहिला असता. आता ते स्वतःच आपल्या फिरायला जाण्याच्या पिशवीत जेलीच्या गोळ्यांची डबी ठेवतात. परवा बागेतल्या बाकावर एका गृहस्थांना घाम फुटलेला पाहून ते लगबगीने उठले आणि त्यांनी विचारले, "आपल्याला मधुमेह आहे का?"

तसे काही नव्हते, उन्हाचा त्रास होता. दोघे सावलीत बसून बराच वेळ बोलत राहिले.