एकचाकीची रिम आणि आमचा सल्ला

आमचे बालपण खानापूर तालुक्यातील एका खेड्यात गेले. तेथे सायकल ही चैनीची वस्तू नव्हती; घरातील कमावत्या माणसाप्रमाणे ती राबत असे. दुधाच्या किटल्या, भाताची पोती, प्रसंगी आजारी माणूसदेखील तिच्या कॅरिअरवर बसून जाई. पुढच्या चाकाला 32 व मागच्या चाकाला 40 तारा आणि जाड पोलादी रिम, असा तिचा थाट. सेमिनरीत जाण्यापूर्वी दोन सुट्ट्या आम्ही गावच्या सायकल-दुकानात काढल्या व चाकाचा आऊट काढावयास शिकलो. तेव्हापासून एक समजूत मनात घट्ट रुजली, की जे जड तेच मजबूत. या समजुतीपायी एका मुलाचे मनगट मोडले. ती हकीगत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

2016 साली वरिष्ठांच्या आज्ञेने आम्ही तीन वर्षांकरिता कॅनडात, व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेकडील एका धर्मग्रामात गेलो. तेथे वस्तीच्या पाठीशीच डोंगर उभे आहेत. पावसाने सदा भिजलेले रान, निसरडे खडक आणि पायवाटांवर उघडी पडलेली झाडांची मुळे! त्या उतारांवरून तरुण मंडळी सायकली घालतात हे आम्ही पाहिले होते. परंतु एके दिवशी एक मुलगा चक्क एकाच चाकावर बसून खाली उतरताना दिसला, तेव्हा आम्ही जागीच उभे राहिलो.

सर्कशीतील हे चाक डोंगरात कसे आले, ते पुढे त्याच मुलाने सांगितले. अलास्कात जॉर्ज पेक नावाचे गृहस्थ 1980 नंतरच्या दशकात असे चाक रानावनांतून चालवीत असत. कॅनडातील क्रिस होम यांनीही हाच नाद धरला आणि 1999 साली डोंगराचा मार सोसतील अशा एकचाकी सायकली बनविण्याची कंपनीच काढली.

मुलाची आई मूळची बेळगावची. रविवारच्या मिस्सेनंतर ती आमच्याशी मराठीत बोलावयास थांबत असे. 2017 च्या शरदात ती म्हणाली, "फादर, याच्या चाकाची रिम वाकली आहे. नवी घ्यायची म्हणतो. तुम्हाला सायकलीतले कळते, तुम्हीच काय ते बघा." आम्हास कळते, हे आम्हीच मोठ्या हौसेने तिला सांगितले होते.

दोन रिमा समोर होत्या. एक ॲल्युमिनियमची, नवी, दुहेरी भिंतीची. म्हणजे जिचा छेद घेतला असता मध्ये बंद पोकळी दिसेल अशी. दुसरी एका जुन्या सायकलीची, पोलादी, एकेरी पत्र्याची. छिद्रे दोन्हींना 36. पोलादी रिम हातात जड लागली आणि किंमत पहिलीच्या पाव हिस्सा. आम्ही ती बोटाने वाजवून पाहिली व निकाल दिला, "हीच घे. ती दुसरी म्हणजे पोकळ डबा आहे." मुलगा काही बोलू पाहत होता, पण फादरांपुढे गप्प राहिला. चाक आम्ही स्वतः बांधले व आऊट काढून दिले.

तिसऱ्या आठवड्यात कमरेइतक्या उंच ओंडक्यावरून उडी घेताना तो किंचित तिरका खाली आला. निखाऱ्यावरच्या पापडासारखे चाक वळले. डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून थोडक्यात निभावले. मनगटाचे हाड मात्र मोडले. आईने ते चाक आमच्या दारी आणून ठेवले आणि एक शब्दही न बोलता ती परत गेली. त्या मौनापेक्षा चार कठोर शब्द आम्ही आनंदाने ऐकले असते.

त्या रात्री आम्ही चाक पुढ्यात घेऊन बसलो. तार एकही तुटलेली नव्हती. रिमच पिळवटली होती. मग आमची चूक ध्यानात येऊ लागली. गावच्या सायकलीवर ओझे वरून खाली पडते आणि दोन चाकांत वाटले जाते. वळणावर सायकल कलते, त्यामुळे भार बहुतेक रिमच्या पातळीतच राहतो. एकचाकीवर सारा देह एकाच चाकावर असतो. पायडल मारताना चाक डावी-उजवीकडे हेलकावते आणि उडी तिरकी पडली की सगळा आघात बाजूने बसतो. बाजूच्या आघाताने रिम पिळली जाते, आणि पीळ सोसण्याचे बळ पत्र्याच्या जाडीपेक्षा बंद आकारात अधिक असते. अखंड वेळू दोन्ही हातांनी पिळून पाहा. तो दाद देत नाही. तोच एका बाजूने उभा चिरून पिळा, सहज वळतो. वेळू तोच, वजन तेच. गेली ती केवळ बंद पोकळी. ज्याला आम्ही पोकळ डबा म्हणून हिणविले, त्या पोकळीतच बळ होते.

जडपणाने आणखी एक अपाय केला होता. एकचाकीला पायडल थेट चाकाशी जोडलेले असते. स्वार क्षणोक्षणी चाक वेगात आणून वा आवरून तोल राखतो. कडेचे वजन वाढले की प्रत्येक वेळी पायांस अधिक झगडावे लागते व तोल सावरण्यास उशीर होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आईला म्हणालो, "बाई, दोष मुलाचा नाही, चाकाचाही नाही. आम्हास न कळणाऱ्या गोष्टीत आम्ही निकाल दिला." तिने चहा ठेवला. मुलगा प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून म्हणाला, "फादर, आता निवडताना मला बोलू द्याल ना?"

आमच्या तुटपुंज्या मानधनातून आम्ही नवी रिम घेतली. निवडली मात्र त्याने. दुहेरी भिंत; रुंदी 47 मिलिमीटर, कारण तीन इंची टायर अरुंद रिमवर बसविला तर कमी हवेत तो बाजूंना लोळतो; छिद्रे हबच्या छिद्रांइतकीच 36; आणि टायर बसण्याचा व्यास 559 मिलिमीटर. हा आकडा पाहणे फार अगत्याचे, कारण "सव्वीस इंची" या एकाच नावाखाली 559, 584 व 590 अशा निरनिराळ्या मापांच्या रिमा विकल्या जातात आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. तारांचा ताण दोन्ही बाजूंस सारखा ठेवून चाक आम्ही बांधले. एकचाकीला एका अंगास गिअरच्या चकत्या नसतात, म्हणून दोन्हीकडील तारा सारख्याच कोनात बसतात, हा त्या चाकाचा मोठाच लाभ.

2019 साली आम्ही परतलो, तोवर ते चाक सरळ फिरत होते. आता आमच्या धर्मग्रामातील मुले डोंगरवाटेवर सायकली घालतात व वाकलेली चाके आमच्याकडे आणतात. आम्ही पहिल्याने विचारतो, "मार कोणत्या बाजूने बसला?" आणि उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसतो. लोक पाद्र्याचा शब्द वजन न करताच उचलतात. म्हणून तो देण्यापूर्वी आपणच वजन करून पाहावा, हे आम्हास त्या मोडक्या मनगटाने शिकविले.