कट्यार: गळा एकाचा, देह दुसऱ्याचा

‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऐन दिवाळीत प्रदर्शित झाला आणि पनवेलमधल्या गाण्याच्या शिकवण्यांत त्याचा परिणाम लगेच जाणवू लागला. प्रस्तुत लेखक इथे पेटी शिकवतो, नाट्यपदांना साथ करतो. ज्या मुलांनी नाट्यपद हा शब्दही ऐकला नव्हता, ती ‘सूर निरागस हो’ आणि ‘घेई छंद मकरंद’ शिकवा म्हणू लागली. महेश काळे यांना ‘अरुणि किरणी’साठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक सुबोध भावे यांचं हे ऋण मोठं आहे.

तरीही लेखकाला हा चित्रपट बरा वाटतो, थोर वाटत नाही. असं म्हटलं की जवळची माणसं दुखावतात, तेव्हा कारण नीट सांगायला हवं.

मूळ नाटक रंगमंचावर आलं ते २४ डिसेंबर १९६७ रोजी. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ला दोन चाली दिल्या: एक धानी रागातली, संथ आणि शांत, दुसरी सालगवराळीतली, चपळ, तानांनी झगमगणारी. शब्द तेच, गायकी वेगळी. दोन घराण्यांचं सगळं वैर त्या दोन चालींत मांडून झालं होतं. वैर समजायला प्रेक्षकाला कान पुरत होते.

चित्रपटाला मात्र कानांवर एवढा भरवसा ठेवावासा वाटला नाही. खाँसाहेबांची बायको त्यांच्या प्रतिस्पर्धी गायकाला, पंडितजींना, शेंदूर खाऊ घालते, पंडितजींचा आवाज जातो आणि दोन विद्यांमधला झगडा एका गुन्ह्याच्या गोष्टीत अडकतो. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी गोड आहेत, ‘सूर निरागस हो’ तर मनात घर करतं. पण महाल, दिवे, गर्दी आणि मागचा भरगच्च वाद्यमेळ यांतून गायकाच्या गळ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

लेखकाची खरी अडचण साथीदाराची आहे. संगीत नाटकात ऑर्गनवाला रंगमंचासमोर बसून नटाच्या छातीकडे बघत असतो. श्वास भरला की कळतं, आता लांब तान येणार. नट एखादा शब्द घोळवायला लागला की ठेका धीराने थांबून राहतो, पेटी सूर धरून ठेवते. समोरून वन्समोअर आला तर तेच पद दुसऱ्या वाटेने जातं. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखे उस्ताद साथीला होते. एवढा मोठा वादक नटाच्या मागे राहून वाजवायचा, यातच त्या कलेची प्रतिष्ठा होती. आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यावर ओठ हलवताना हे सगळं उलटं होतं. गाणं ठरलेलं असतं आणि नट त्याच्या मागे धावतो.

सचिन पिळगांवकरांनी खाँसाहेबांचा मत्सर डोळ्यांतून फार चांगला दाखवला आहे. तान सुरू झाली की मात्र लेखकाची नजर त्यांच्या गळ्यावर जाते आणि तिथे काही घडत नसतं, कारण तो गळा राहुल देशपांडे यांचा आहे. पंडितजींच्या शिष्याच्या, सदाशिवच्या भूमिकेत भावे दिसतात, ऐकू येतात महेश काळे. प्रमुख पात्रांत फक्त पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच्या आवाजात आहेत, आणि चित्रपटातल्या सर्वांत खऱ्या जागा त्यांच्याच आहेत. गाणं त्यांनीही आधीच ध्वनिमुद्रित केलं असेल, पण श्वास कुठे घ्यायचा, मान कुठे कलायची, हे त्यांच्या देहाला ठाऊक आहे.

सिनेमात याहून वेगळं जमत नाही, असं कुणी म्हणेल. टॉम हूपर यांनी २०१२च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये नटांना चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गायला लावलं. त्यांच्या कानात पियानो ऐकू येत होता आणि पियानोवादक त्यांच्या लयीमागे जात होता. वाद्यवृंद नंतर जोडला गेला. तिथले काही आवाज कच्चे आहेत, पण गाणारा माणूस पडद्यावर दिसतो. आपल्या ऑर्गनवाल्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

आणि आपल्याकडे तर गाणारे नट तयार होते. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि महेश काळे यांनी चित्रपटाच्या काही वर्षं आधी याच भूमिका रंगमंचावर स्वतः गाऊन केल्या होत्या. चित्रपटाने त्यांचे आवाज घेतले आणि त्यांना पडद्याआड ठेवलं. हा निर्णय लेखकाला आजही पटलेला नाही. पडद्यावर ओळखीचा चेहरा असावा, हा हिशेब समजतो. पण ही गोष्टच गळ्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसांची आहे.

चित्रपट आवडलेल्या पनवेलकरांना एक विनंती आहे. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात संगीत नाटकाचा प्रयोग लागेल तेव्हा मुलांना घेऊन जा, शक्यतो पुढच्या रांगेत बसा, आणि पद रंगात आलं की नटाबरोबर ऑर्गनवाल्याकडेही बघा. तोवर वसंतरावांनी गायलेलं ‘घेई छंद’ घरी सावकाश ऐका.