उजळणी

नव्या वस्तूंना जुनीं नांवें देण्याची माणसाला खोड आहे, आणि त्या खोडीची शिक्षा बहुधा जुन्या शब्दाला भोगावी लागते. संगणकाच्या बाबतींत ही शिक्षा 'स्मृति' या बिचाऱ्या शब्दाच्या वांट्याला आली. २०२५ च्या डिसेंबरांत मीं माझ्या टेबलावरच्या संगणकाची स्मृति वाढवून घेतली, हें वाक्य कोणालाहि समजेल. पण त्यांतला एकेक शब्द खरा असून सबंध वाक्य खोटें आहे.

कारण त्याची स्मृति मुळींच कमी नव्हती. २०१३ सालीं घेतल्यापासून मीं त्यांत घातलेलें कांहींएक तो विसरला नव्हता. प्रश्नपत्रिका, व्याख्यानांचीं टिपणें, सासुरवाडीच्या एका लग्नाचीं चारशें छायाचित्रें, सारें तबकडीवर शाबूत होतें. उणी होती ती काम करण्याची जागा. फडताळ डब्यांनीं भरलेलें असावें, पण ओट्यावर पोळपाट मांडावयाला जागा नसावी, अशी त्याची स्थिति झाली होती. जुन्या मराठी मासिकांच्या पानांचीं छायाचित्रें घेऊन त्यांची सूचि करण्याचा उद्योग मीं कांहीं वर्षें चालविला आहे. वीसएक पानें एकदम उघडलीं कीं हें यंत्र एक पान ओट्यावरून उचलून फडताळांत ठेवी आणि दुसरें काढी; पुन्हां पहिलें मागितलें कीं दुसरें आंत टाकी. फिरत्या तबकडीवरून एखादी गोष्ट शोधून आणावयास लागणारा वेळ हा ओट्यावरची वस्तु उचलण्याच्या वेळेच्या सुमारें लाखपट असतो. तेवढ्या अवधींत मी चहा करून आणीत असें. संगणक मंदावल्यापासून मी फार कामसू झालों आहें, असें घरांतल्या मंडळींचें मत पडलें.

आम्हां नाशिककरांना ही व्यवस्था वास्तविक नवी वाटूं नये. येथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरीं नामावळीच्या वह्या असतात. यजमानानें आडनांव आणि मूळ गांव सांगावें. उपाध्याय नेमकी वही काढून पणजोबा कोणत्या सालीं गंगेवर आले होते तें दाखवितात. वह्या कपाटभर, पण समोर उघडलेली वही एकच. या एका वहीपुरत्या जागेला इंग्रजांनीं मेमरी म्हटलें, आणि आम्ही तिचें 'स्मृति' करून मोकळे झालों. 'बैठक' म्हटलें असतें तर निदान अर्थ तरी नीट बसला असता!

महात्मा गांधी मार्गावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें संगणकांचें दुकान आहे. यंत्र पाहून तो म्हणाला, "सर, नवा घेऊं नका. नुसती रॅम वाढवूं. मात्र ही डीडीआर थ्री आहे; फोरची पट्टी हिच्यांत बसायची नाहीं, खांच वेगळ्या जागीं असते." किंमत ऐकून मी चपापलों, तेव्हां त्यानें बाजारभावाचें कारण सांगितलें. कृत्रिम बुद्धीचीं प्रचंड यंत्रागारें उभारणाऱ्या कंपन्या जगांतला या मालाचा सांठा उचलीत होत्या. त्याच महिन्यांत मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनें सामान्य गिऱ्हाइकाला 'क्रुशल' छापाच्या पट्ट्या विकण्याचा आपला धंदा आवरीत असल्याचें जाहीर केलें होतें. यंत्रांना विचार करावयाला शिकवितां यावें म्हणून नाशिकच्या एका प्राध्यापकाच्या ओट्याची किंमत वाढावी, हें अर्थशास्त्र मला अजून पटलेलें नाहीं. शेवटीं मोडींत निघालेल्या एका यंत्रांतून चार गिगाबाइटची एक वापरलेली पट्टी त्यानें काढून दिली.

काम पांच मिनिटांचें. वीज बंद करून बाजूचा पत्रा काढला, धूळ झटकली, बोटें पत्र्याला लावून अंगांतली वीज उतरविली, आणि पट्टी खांचेंत उभी धरून दोन्ही अंगठ्यांनीं दाबली. टोकांचे चिमटे टक्‌कन् बसले. चारांचे आठ झाले.

वीतभरहि लांब नसलेल्या त्या पट्टीवर ४,२९,४९,६७,२९६ बाइट मावतात. हल्लींच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-वेलांटीचे निराळे. 'नाशिक' लिहावयाला पंधरा. म्हणजे 'नाशिक' हें नांव तीवर २८ कोटींहून अधिक वेळां लिहितां येईल. पण माझें मन वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. रॉबर्ट डेनार्ड यांनीं १९६६ सालीं आय. बी. एम. मध्यें असतांना ही रचना योजिली, तेव्हां एकेका बिंदूसाठीं एक स्विच आणि विजेचा एक इवलासा सांठा एवढेंच ठेवलें. जागा अतोनात वांचली, पण सांठा गळका! भरलेला विद्युद्भार पाहतां पाहतां झिरपून जातो. म्हणून प्रत्येक घर साधारणतः ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत वाचून पुन्हां भरावें लागतें, सेकंदाला पंधरा वेळांहून अधिक. आणि वीज गेली कीं सारें साफ. लहानपणीं दिवेलागणीला आजोबांसमोर बसून आम्ही पाढ्यांचा परवचा म्हणत असूं. या पट्टीचा परवचा अष्टौप्रहर चाललेला असतो.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. पट्टी बसवून झाल्यावर तिनें विचारलें, "काय रे बसवलंस?" मीं म्हटलें, "रॅम, आई." "राम? बसव हो, चांगलं आहे." पंचवटींत जन्म घालविलेल्या बाईला दुसरें काय ऐकूं येणार! दहा मिनिटांनीं तिनें पुन्हां विचारलें, आणि जेवतांना पुन्हां. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं या विसरण्याला रोगाचें नांव दिलें. औषधें चालूं आहेत, पण त्यांच्यावर फारशी भिस्त ठेवूं नका, असेंहि त्यांनींच सांगितलें. तिचें फडताळ अजून शाबूत आहे. ओटा मात्र आंखडत चालला आहे. सकाळचा चहा झाला कीं नाहीं हें तिला आठवत नाहीं. पण १९६९ च्या महापुरांत दुतोंड्या मारुति पाण्याखालीं गेल्याची बातमी घरीं कोणीं आणली, शेजारच्या वाड्यांतून कोणाचें घंगाळ तरंगत गेलें, दळणाचा डबा माळ्यावर चढवितांना सासूबाई काय बोलल्या, हें ती क्रमानें सांगते.

आतां घरांत उजळणीच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. सकाळीं पत्नी, दुपारीं कामाला येणाऱ्या मावशी, संध्याकाळीं मी. "आज वार कोणता रे?" "गुरुवार, आई." सेकंदाला पंधरा वेळां नव्हे, पण तासाला तीनचार वेळां होतेंच. फडताळहि पुढेंमागें रितें होऊं लागेल, हें डॉक्टरांनीं सांगून ठेवलें आहे. म्हणून मासिकांची सूचि मीं तूर्त बाजूला सारली आहे. दिवेलागणीला तिची खुर्ची टेबलाजवळ ओढतों. ती पूर सांगते आणि मी टंकीत बसतों. संगणक आतां अडत नाहीं. ती अडते, मध्येंच एखाद्या नांवापाशीं, आणि मग आम्ही दोघेंहि थांबून राहतों. काल संध्याकाळीं सराफ बाजारांत पाणी शिरलें, तेथवर आलों आहोंत.