शेवटच्या बसआधीची मीटिंग

दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग कुठं भरते, असं पेडण्यातला किंवा डिचोलीतला माणूस विचारतो तेव्हा पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘म्हापशाला आहे ना?’ जवळचं ठिकाण त्याला नको असतं. जवळ गेलं तर कोणी तरी बघेल. हाच माणूस रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या बारमध्ये सगळ्यांच्या देखत बसतो. तो पितो हे अख्ख्या वाड्याला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच की त्याला सोडायचीय. ते तो लपवतो, कारण उद्या पुन्हा प्यायला तर लोक हसतील. या हसण्यानं किती जणांना दारातूनच परत पाठवलं असेल, याचा मला फार राग येतो.

*

१९३५चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामासाठी आला होता. काम फसलं. हॉटेलच्या एका टोकाला बार, दुसरीकडे टेलिफोन. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत त्यानं आपल्यासारखाच एखादा पिणारा भेटेल का, अशी चौकशी केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. त्यांनी शेवटचा पेला १० जूनला घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा वाढदिवस झाला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की बिल उपदेश करायला गेला नव्हता. स्वतःला वाचवायला गेला होता. ही चळवळ १९५७मध्ये भारतात आली.

*

मीटिंगमध्ये काय होतं? थोडा वेळ शांतता, मग वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. फी नाही, खर्चासाठी वर्गणी फिरते, तीही ऐच्छिक, आणि बाहेरची देणगी घेत नाहीत. सदस्य व्हायला अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. खुल्या मीटिंगला घरचे आणि इतरही बसू शकतात. मी बसलो आहे. तिथं ऐकलेलं इथं लिहिणार नाही.

*

गोव्यात कित्येक गट इगर्जीच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात. ‘ते किरिस्तांवांचं’ म्हणून आपल्या तालुक्यांतले काही जण बिचकतात. बिचकू नये. या चळवळीच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा उमगला तसा. सातेरी, भगवती, लईराई, कोणीही चालेल. देव न मानणारेही येतात.

*

शिरगावची लईराईची जत्रा. धोंड, म्हणजे देवीचे भक्त, जत्रेआधीचे काही दिवस व्रत पाळतात; मांस-मासे नाही, दारू नाही. एरवी रोज पिणारेही तेवढे दिवस कडक राहतात. बायका म्हणतात, ‘मग बाराही महिने का जमत नाही?’ त्या दिवसांत तो एकटा नसतो हे मला उत्तर वाटतं. सोबत बाकीचे धोंड असतात आणि घर, गाव त्याच्याकडे मानानं बघतं. जत्रा संपली की हे सगळं एकदम उठतं आणि तो पुन्हा एकटा पडतो. मीटिंगला जाणाऱ्याला ती सोबत दर आठवड्याला मिळते.

*

फार महत्त्वाचं: वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं व्रत म्हणून किंवा शपथ घेऊन एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट, भ्रम. यात जीवही जातो. आधी डॉक्टर. बांबोळीला मनोविकार संस्था आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४१६ टेली-मानस.

*

खाणी २०१२मध्ये बंद पडल्या, तेव्हापासून पिणं वाढलं असं डिचोलीत म्हणतात. पण त्याआधी खनिजाचे ट्रक रात्रंदिवस पळत होते, पैसा खेळत होता, तेव्हाही घरं याच कारणानं मोडताना मी पाहिली आहेत. मार्च-एप्रिलात काजूची हुर्राक उतरते तेव्हा तर कारणही लागत नाही.

*

‘संगाथ’ या संस्थेनं गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका बोलणं केलं. तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत २६. पूर्ण आहारी गेलेले यात नव्हते. म्हणजे त्या टोकाला पोचण्याआधीही कोणी नीट बोललं तर फरक पडतो.

*

बायकोसाठी, आईसाठी अलॅनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांची अशीच मीटिंग. नवरा मीटिंगला जात नसला तरी तिनं जावं. बाटल्या लपवणं, बारचं बिल चुकतं करणं, कामावर ‘ताप आहे’ असं कळवणं, हे सगळं तिच्या अंगावर पडलेलं असतं. तिथं तिला पहिल्यांदा तिच्याबद्दल विचारतात.

*

म्हापशाची मीटिंग संध्याकाळची. संपेपर्यंत आतल्या गावाची बस गेलेली असते. पहिल्या आठवड्यात दुचाकीवर सोडायला कोणी भेटतो, तिसऱ्यात नाही, आणि माणूस येणं बंद करतो. जवळ कोणी बघेल ही भीती खरी, पण या एका कारणासाठी तरी गट तालुक्यातच हवा. नियमानं दोघं-तिघं दारुडे न पिण्यासाठी एकत्र आले की गट होतो. परवानगी नको, पदाधिकारी नकोत. पेडण्यात आणि डिचोलीत रविवारी दुपारी चार वाजता एकेक खोली पाहिजे. ग्रंथालयाची चालेल, शाळेची चालेल. भाडं गट देईल. चावी ज्यांच्याकडे आहे त्यांनी फक्त हो म्हणावं.