ग्यानबाचा ज्ञ

पाळण्यात ज्ञानेश्वर नाव ठेवलेल्या मुलाला सबंध नावाने हाक सहसा कुणी मारत नाही. आई 'ज्ञानू' म्हणते, सवंगडी 'ज्ञान्या' म्हणतात, आजीच्या तोंडी तो 'ग्यानू' असतो. मिशा पिकल्या, खांद्यावर उपरणं आलं, की गाव त्याचा ज्ञानबा किंवा ग्यानबा करून टाकतं. बोलण्यात हे सगळं सुखाने नांदतं. पंचाईत होते ती लग्नपत्रिका छापताना. निमंत्रकांच्या यादीत 'ग्यानबा' घातलं तर शहरात शिकलेला पुतण्या नाक मुरडतो. 'ज्ञानेश्वर' घातलं तर पाहुण्यारावळ्यांत 'हे कोण?' अशी कुजबुज होते.

सगळं भांडण त्या ज्ञचं. संस्कृतात तो ज आणि ञ यांचा जोड. मराठीने त्याचा 'द्न्य' केला, हिंदीने 'ग्य', गुजरातीने 'ग्न'. पण मराठी म्हणजे एकच तोंड थोडंच? पुस्तकी मराठी 'द्न्य' म्हणत राहिली आणि रानातली, माजघरातली मराठी 'ग्य' म्हणत राहिली. टीव्हीवरची हिंदी घरात शिरण्याच्या कितीतरी आधीपासून. रोमन लिपीत मात्र पुस्तकी उच्चाराने बाजी मारली. 1842 साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' नियतकालिकाचं इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय असंच, आणि आजही आपले ज्ञानेश्वर पासपोर्टवर त्याच अक्षरांनी सुरू होतात. महाराष्ट्राबाहेर गेलं की समोरचा माणूस त्या डी आणि एनमध्ये अडखळतो. दिल्लीत तर विषयच संपतो. तिथे ज्ञानेश्वरचा सरळ 'ग्यानेश्वर' होतो, आणि गावाकडच्या आजीचा जो उच्चार मास्तरांनी आयुष्यभर अशुद्ध ठरवला, तो राजधानीत शुद्ध म्हणून चालतो.

इकडे कॉलेजच्या कट्ट्यावर 'उगाच ग्यान नको देऊस' हे वाक्य रुळलं आहे. हे ग्यान हिंदीतून आलेलं, फुकटच्या उपदेशाचं. ग्यानबातलं ग्यान त्या घराण्यातलं नाही. लिहिताना दोघं सारखे दिसतात एवढंच.

वारकऱ्यांनी या वादात फारसं लक्ष घातलेलं नाही. विठोबा, तुकोबा, चोखोबा, निळोबा, तसे ज्ञानोबा. आदर 'बा'मध्ये असतो आणि जवळीकही त्यातच. आळंदीहून पालखी निघाली की 'ज्ञानबा-तुकाराम'चा गजर सुरू होतो. टाळांच्या ठेक्यात पहिल्या अक्षराला इतका थोडा वेळ मिळतो, की ते 'द्न्य' होतं की 'ग्य', हे शेजारी चालणाऱ्यालाही सांगता येत नाही. लाडक्या नावाचं दुसरं रूप माउली. तिथेही लेखणी अडतेच. शासनाने 1962 साली मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे शेवटचं अक्षर दीर्घ असलं की आधीचा उकार ऱ्हस्व, म्हणून 'माउली'. पण रसवंतिगृहांच्या पाट्या आणि ट्रकच्या कपाळपट्ट्या बघाव्यात. 'माऊली'च जास्त. आर्त हाक मारताना ऊ लांबतो, तो रंगाऱ्याने ऐकला तसा रंगवला.

शुद्धतेचा आग्रह वारकरी परंपरेला परका आहे असं नव्हे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. पुढे नकलांवर नकला होत गेल्या, पाठ बिघडले. तेव्हा एकनाथांनी 1584 मध्ये प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. ग्रंथाला हे मानवतं, कारण त्याला एक मूळ असतं आणि त्याच्या दिशेने मागे जाता येतं. हाकेचं मूळ कुठे शोधणार? खुद्द ग्रंथकार स्वतःला ज्ञानदेव म्हणवतो. त्याचा ज्ञानबा लोकांनी केला आणि ग्यानबाही लोकांनीच. गीतेचा अर्थ सामान्यांच्या बोलीत उतरवणाऱ्याचं नाव सामान्यांनी आपल्या बोलीत उतरवून घेतलं, यात त्याचा अपमान तो काय!

तरीही पत्रिकेवरून रुसलेल्या पुतण्याला हसावंसं वाटत नाही. शहरी विनोदाने 'ग्यानबा' हे नाव वर्षानुवर्षं भोळ्या, अडाणी गड्याला चिकटवलं. अशा नावाने वर्गात हाक आली की मागच्या बाकावरून हशा पिकतो, हे ज्याने सोसलं त्याला ज्ञचा आधार वाटणारच. त्याच्यासाठी ते अक्षर म्हणजे शाळेत मिळवलेली जागा आहे. ती त्याच्याकडून कुणी काढून घेऊ नये.

गंमत अशी, की ज्या नावाला अडाणी म्हणून हसलं गेलं, त्याच नावाने मराठीत बारीक खुबीचा वाक्प्रचार दिला. एखाद्या व्यवहारातली खरी गोम दाखवायची असते तेव्हा आपण 'इथेच तर ग्यानबाची मेख आहे' म्हणतो. तिथे 'ज्ञानेश्वराची मेख' म्हणून बघा. मेख लगेच बोथट होते.

तेव्हा दाखल्यावर, पत्रिकेत, दाराच्या पाटीवर काय लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याने ज्ञ लिहिला तर आपणही ज्ञच लिहावा. मात्र कथेतली म्हातारी बांधावरून नातवाला 'ग्यानबाऽ' अशी साद घालत असेल, तर मुद्रितशोधकाने आपला लाल पेन आवरावा. त्याने तिथे 'ज्ञानबा' केलं, की पानावर दुसरीच कुणी म्हातारी बोलू लागते.