सूडाचं नाटक पडद्यावर येताना

शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' आपल्याला नवं नाही. आगरकरांनी ते 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलं. काकाने वडिलांचा खून केला, आईशी लग्न केलं, आता मुलाने सूड घ्यायचा, एवढीच गोष्ट. पण नाटकाचा चित्रपट करणं म्हणजे नुसतं कॅमेरा लावून नाटक टिपणं नव्हे. विशाल भारद्वाज यांचा 'हैदर' (२०१४) पाहताना मला हे नीट कळलं.

यात डेन्मार्कचा राजवाडा नाही, १९९५ चं काश्मीर आहे. रंगमंचावर वडिलांचं भूत येतं. इथे येतो रूहदार, तुरुंगात वडिलांसोबत असलेला माणूस. निरोप तोच, पण आणणारा हाडामांसाचा. नाटकात काकाचा गुन्हा उघड करायला नाटकातलं नाटक होतं. चित्रपटात त्याची जागा गाणं, नाच आणि मोठ्या बाहुल्या घेतात. हॅम्लेट मनातलं स्वगतात बोलतो. पडद्यावर तेच काम बरेचदा चेहरा आणि बर्फाळ शांतता करते. थोडक्यात, शब्द बदलले तरी प्रसंगाचं काम बदललं नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम बदलली आहे, ती म्हणजे शेवट. नाटकात हॅम्लेट काकाला मारतो आणि स्वतःही मरतो. हैदर जखमी काकासमोर बंदूक घेऊन उभा राहतो आणि गोळी न झाडता निघून जातो. सूडातून सूडच जन्मतो, हे आईचं सांगणं त्याच्या कानात असतं.

आपल्या वर्गात रोज ऐकू येतं, "बाई, त्यानं आधी मारलं!" आपण दोघांना सॉरी म्हणायला लावतो आणि फळ्याकडे वळतो. पण राग तिथेच बसून असतो. हा चित्रपट लहान मुलांना दाखवण्यासारखा नाही, त्यात हिंसा खूप आहे. त्यातली युक्ती मात्र उचलता येते. चौथीच्या मुलांना भांडणाची एखादी साधी गोष्ट सांगून शेवट त्यांनाच बदलायला सांगते. कुणी मारामारी वाढवतं, कुणी थांबवतं. मग विचारायचं, "थांबला तो भित्रा का?" यावर वर्गात जी चर्चा होते, ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

घरीही करून बघा. मूल कोणता शेवट निवडतं, ते ऐका. लगेच दुरुस्त करू नका.